एकविसावा रकाना

शुक्रवार, 19 जुलै 2024. अंधेरी पूर्वेला सहारचे टर्मिनल 2 आणि सांताक्रूझचे टर्मिनल 1, दोन्हीकडे त्या दिवशी चेक-इनच्या रांगा हलेनाशा झाल्या. काउंटरवरचे कॉम्प्युटर प्रवाशाचे नाव शोधून देईनात, बोर्डिंग पास छापून देईनात. देशभर इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्स्प्रेस या कंपन्यांचे कर्मचारी कागद-पेन घेऊन बसले आणि नाव, फ्लाइट नंबर, सीट नंबर हाताने लिहून पास देऊ लागले. हैदराबादहून निघालेल्या एका प्रवाशाच्या अशा पासचा फोटो त्या दिवशी मोबाइलवरून देशभर फिरला. विमाने धडधाकट होती, वैमानिक हजर होते. तरी एकट्या इंडिगोला सुमारे 200 उड्डाणे रद्द करावी लागली.

हा हल्ला नव्हता आणि व्हायरसही नव्हता. व्हायरसपासून वाचवणाऱ्या सॉफ्टवेअरचाच हा अपडेट होता. अमेरिकेतल्या ऑस्टिनची क्राउडस्ट्राइक ही कंपनी ‘फाल्कन’ नावाचे सुरक्षा सॉफ्टवेअर विकते. बँका, रुग्णालये, विमान कंपन्या, मोठी कार्यालये ते आपल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर बसवतात. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी कंपनीने एक छोटी फाइल जगभरच्या विंडोज कॉम्प्युटरवर पाठवली. चूक लक्षात आल्यावर 10 वाजून 57 मिनिटांनी ती मागे घेतली. या 78 मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, 85 लाख कॉम्प्युटर बंद पडले. अमेरिकेत तेव्हा रात्र होती, आपल्याकडे कार्यालये उघडत होती. सकाळी आल्या आल्या कॉम्प्युटर सुरू करणारे नेमके या फाइलच्या वाटेत आले.

आता ती फाइल काय होती ते पाहू. फाल्कनला दोन प्रकारचे अपडेट येतात. एक मूळ प्रोग्रॅमचा. तो अनेक चाचण्यांतून जातो आणि ग्राहकाला हवे तर एक-दोन आवृत्त्या मागे राहता येते, म्हणजे नवी आवृत्ती आधी दुसरीकडे नीट चालते का ते बघून मग घेता येते. दुसरा प्रकार माहितीचा. हल्लेखोर रोज नव्या युक्त्या शोधतात, त्यांच्या खुणा प्रोग्रॅमला कळवत राहाव्या लागतात. या खुणांच्या फाइली दिवसातून कितीही वेळा येतात आणि त्या वेळी तरी ग्राहकाला त्या थांबवायची सोय नव्हती. ‘हा प्रोग्रॅम नव्हे, नुसती माहिती आहे’ या समजुतीने त्यांना पहिल्या प्रकाराइतकी कडक तपासणीही नव्हती. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मूळ याच समजुतीत आहे. चुकीची माहिती वाचताना प्रोग्रॅम कोसळत असेल, तर ती माहिती प्रोग्रॅमइतकीच धोक्याची असते.

क्राउडस्ट्राइकने 6 ऑगस्टला कारणांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. तो वाचताना त्रास होतो, कारण चूक फारच साधी आहे. विंडोजमध्ये प्रोग्रॅम एकमेकांशी ज्या वाटांनी बोलतात, त्या वाटांवरचे हल्ले ओळखण्यासाठी फेब्रुवारी 2024 मध्ये फाल्कनला एक नवा साचा दिला गेला. साच्यात 21 रकाने होते. पण प्रत्यक्ष चालताना प्रोग्रॅम त्या साच्याला 20 रकान्यांचीच माहिती पुरवत होता. ही तफावत कोणाच्याही लक्षात आली नाही, कारण मार्च-एप्रिलमध्ये पाठवलेल्या खुणांमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असेच लिहिलेले होते. काहीही चालणार असेल तर तो रकाना उघडून बघायचीच गरज पडत नाही. 19 जुलैच्या फाइलमध्ये पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यात ठरावीक काहीतरी शोधायला सांगितले गेले. फाइल पाठवण्यापूर्वी तपासणारे एक वेगळे सॉफ्टवेअर होते. पण त्यानेही रकाने 21 येणार असेच गृहीत धरले आणि फाइल पास केली. कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम एकविसावा रकाना वाचायला गेला, तिथे काहीच नव्हते, आणि तो मेमरीच्या भलत्याच जागेत शिरला. ‘वाचण्याआधी रकाने मोजा’ एवढी एक अट आधीपासून असती, तर पुढचे काहीच घडले नसते. ती अट 25 जुलैला घातली गेली.

इथे एक प्रश्न स्वाभाविक आहे. आपल्या कॉम्प्युटरवर वर्ड किंवा ब्राउझर बंद पडला तर तो एकटाच बंद पडतो, बाकीचे काम चालू राहते. मग एका सुरक्षा सॉफ्टवेअरमुळे अख्खी मशीन का बसावी? कारण फाल्कनचा मुख्य भाग कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो. सोसायटीच्या वॉचमनला मीटर रूमची किल्ली द्यावी तसे हे आहे: सगळीकडे लक्ष ठेवायचे तर त्याला सगळीकडे जाता आले पाहिजे, पण त्याचा हात चुकून मेन स्विचवर पडला तर एका घराचे नव्हे, पूर्ण इमारतीचे दिवे जातात. कर्नलमध्ये अशी गडबड झाली की विंडोज स्वतःहून मशीन थांबवते, नाहीतर साठवलेल्या माहितीचीच नासाडी होण्याची भीती असते. त्या दिवशी पडद्यावर आलेली निळी स्क्रीन म्हणजे हे थांबणे.

बरे, थांबली तर थांबली, रीस्टार्ट करावी. तेही जमत नव्हते. सुरक्षा सॉफ्टवेअरने सगळ्यात आधी जागे व्हावे म्हणून फाल्कनचा हा भाग विंडोज सुरू होतानाच लोड होतो. तो लोड झाला की तीच फाइल वाचतो आणि मशीन पुन्हा निळी पडते. सुधारलेली फाइल इंटरनेटवर तयार होती, पण ती उतरवून घेण्याइतका वेळ मशीन जिवंतच राहत नव्हती. क्लाउडमधल्या काही मशीन पुन्हा पुन्हा, 15 वेळांपर्यंत, रीस्टार्ट केल्यावर सुधारल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले; त्या धावपळीत नवी फाइल वेळेत उतरली की काम होत असे. बाकीच्यांसाठी उपाय एकच होता. मशीनपुढे माणसाने बसायचे, ती सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अगदी गरजेच्या भागांसह, सुरू करायची, क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमध्ये जाऊन 291 क्रमांकाची ती फाइल काढून टाकायची. ज्या कार्यालयांत डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असते, तिथे आधी 48 अंकी रिकव्हरी की टाकायची. या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या, तोही निळा पडला असेल तर आधी तो उठवायचा.

अंधेरीच्या सीप्झ किंवा एमआयडीसीसारख्या भागात एकेका मजल्यावर शेकडो कॉम्प्युटर असतात. एरवी आयटीवाले एका जागेवर बसून हे सगळे सांभाळतात. इथे मात्र टेबलामागून टेबल फिरण्याला पर्याय नव्हता, आणि घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉप बोरिवली-मुलुंडला असेल तर त्याला फोनवरून एकेक अंक वाचून दाखवावा लागणार. फाइल मागे घ्यायला 78 मिनिटे लागली. फाल्कन बसवलेले 97 टक्क्यांहून अधिक विंडोज कॉम्प्युटर पुन्हा जोडले जायला 25 जुलै उजाडला. त्या आठवड्यात रात्री जागलेल्या या मंडळींचे आभार कुठे फारसे छापून आले नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

पुन्हा विमानतळाकडे येऊ. चेक-इन काउंटर बोर्डिंग पास छापतो एवढेच आपल्याला दिसते. प्रत्यक्षात तिथे एका वेळी बरीच कामे होतात. तिकिटाची खात्री होते, सीट पक्की होते. बॅगेवर दहा अंकी नंबराचा टॅग लागतो आणि तो नंबर त्या प्रवाशाच्या नावाशी जोडला जातो, म्हणजे प्रवासी चढलाच नाही तर त्याची बॅग शोधून उतरवता येते. किती माणसे, किती बॅगा, किती वजन हा हिशेब विमानाच्या लोडशीटसाठी पुढे जातो. पास हाताने लिहिता येतो, पण बाकी सगळे जुळवायला छापील यादीवर एकेका नावापुढे खूण करत बसावे लागते. हाताने लिहिलेल्या पासवर बारकोड नसतो, त्यामुळे विमानतळावरच्या डिजी यात्रा यंत्रणेच्या दारातही तो चालत नाही.

मुंबईत उशीर लवकर भरून निघत नाही, हेही ध्यानात घ्यावे. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. प्रत्येक उड्डाणाला ठरलेली वेळ असते. ती चुकली की पुढची मोकळी वेळ मिळेपर्यंत थांबायचे. त्यात एकच विमान दिवसभरात अनेक शहरांच्या फेऱ्या करते. सकाळी दिल्लीत तासभर अडकलेले विमान दुपारी मुंबईत उशिरा येते आणि संध्याकाळच्या प्रवाशालाही त्याची झळ बसते. वैमानिक आणि केबिन क्रू यांच्या कामाच्या तासांना मर्यादा आहे, ती संपली की विमान तयार असूनही उडत नाही. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने यंत्रणा पूर्ववत झाल्याचे सांगितले, ते दुसऱ्या दिवशी पहाटे तीनचे.

त्या दिवशी सगळेच बंद पडले नव्हते. बंद पडलेले कॉम्प्युटर जगातल्या एकूण विंडोज कॉम्प्युटरच्या एक टक्क्याहून कमी होते. मॅक आणि लिनक्सला काही झाले नाही, कारण ती फाइल त्यांच्यासाठी नव्हतीच. शेअर बाजाराचे व्यवहार चालू राहिले. रिझर्व्ह बँकेने सांगितले की दहा बँका आणि वित्तसंस्थांनाच किरकोळ अडचण आली. पण तो एक टक्का नेमका काउंटरांवर, रुग्णालयांत आणि नियंत्रण कक्षांत बसलेला होता. आदल्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या क्लाउडमध्ये वेगळाच बिघाड झाला होता. त्यामुळे सुरुवातीला अनेकांनी सगळा दोष मायक्रोसॉफ्टलाच दिला, तो बरोबर नव्हता.

एकविसावा रकाना ही माणसाची चूक होती आणि अशा चुका होत राहणार. पण ती 85 लाख मशीनपर्यंत एकाच वेळी जाऊ देणे, हा कंपनीने घेतलेला निर्णय होता आणि तो चुकीचा होता. आधी थोड्या मशीनवर पाठवून, तासभर बघून, मग पुढे जायचे, हा सॉफ्टवेअरच्या धंद्यातला जुना नियम आहे. तो पाळला असता तर चूक थोड्या मशीनवरच सापडली असती. क्राउडस्ट्राइकने नंतर या माहितीच्या फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठवायला सुरुवात केली आणि त्या कधी घ्यायच्या हे ठरवण्याची मुभा ग्राहकाला दिली. कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने 24 सप्टेंबर 2024 रोजी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे माफी मागितली.

वाचकांना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. या प्रकाराला घाबरून घरच्या कॉम्प्युटरचे किंवा मोबाइलचे अपडेट बंद करू नका. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या भोकांतून होणारे नुकसान याहून जास्त असते. लॅपटॉपला बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की आजच कागदावर लिहून घरात जपून ठेवा. विमानाने जाताना वेब चेक-इन आदल्या दिवशी करून पासची छापील प्रत खिशात ठेवा. आणि बिघाड झाल्यावर ‘दुरुस्तीची फाइल’ म्हणून कोणी लिंक पाठवली तर ती उघडू नका. 19 जुलैनंतर अशाच बनावट संदेशांपासून सावध राहायला सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने सांगितले होते.