सायकलीची कुरकुर व तिचें निदान

निफाड तालुका हा गोदावरी व कादवा या नद्यांच्या कांठचा, काळ्या भुईचा मुलूख. ऊंस, कांदा, गहूं व द्राक्षें यांचे मळे गांवांपासून दूरवर पसरलेले, आणि पुष्कळांची वस्तीही मळ्यांतच. मोटारसायकली कितीही वाढल्या, तरी वस्तीवरून शाळेस येणारीं मुलें आणि बागेच्या कामावर जाणारे मजूर यांपैकीं अनेकांस अजून सायकलीचाच आधार आहे. अशा माणसाची सायकल वाटेंत अडली, तर त्याचा दिवसाचा रोज बुडतो. आणि कांद्याच्या हंगामांत लासलगांव व पिंपळगांव बसवंत येथील बाजारांकडे ट्रॅक्टरांची रीघ लागते, तेव्हां त्याच रस्त्याच्या कडेनें जाणाऱ्या सायकलस्वाराचा जीव ब्रेकच्या चार रबरी गट्ट्यांवर अवलंबून असतो.

सायकल जुनी झाली म्हणजे बिघडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ती जुनेपणापेक्षां सैलपणानें व धुळीनेंच अधिक बिघडते. आणि बिघडण्यापूर्वीं बहुधा कुरकुर करून सूचना देते. ती सूचना ज्यास कळते, त्याचें निम्मे काम झालेंच. दोष कोठें आहे हें न ओळखतां पान्हा हातीं घेणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय.

निदानाची पहिली पायरी अगदीं सोपी आहे. सायकल चालत असतां पाय थांबवावे व ती नुसती वाहूं द्यावी. आवाज थांबला, तर दोष पायडल, क्रँक, मधला आस किंवा साखळी यांत आहे. चालूच राहिला, तर तो चाकांत, टायरांत, मडगार्डांत किंवा ब्रेकांत आहे. फ्रीव्हीलची टिकटिक ही मात्र त्याची प्रकृतीच आहे. ती दोषांत धरूं नये.

दुसरी पायरी म्हणजे आवाजाचा ताल मोजणें. नेहमींच्या सायकलीच्या पुढील चक्रास ४४ किंवा ४८ व मागील फ्रीव्हीलास १८ दांते असतात. त्यामुळें पायडलाची एक फेरी होते तों मागील चाकाच्या सुमारें अडीच फेऱ्या होतात. उलटपक्षीं साखळीची एक पूर्ण फेरी होण्यास पायडलाच्या दोनांहून अधिक फेऱ्या लागतात. म्हणून पायडलाच्या फेरीगणिक एकदां ‘कट्’ असा आवाज येत असेल, तर कॉटर पिन सैल झाली असावी किंवा पायडल ढिलें असावें. दोन-तीन फेऱ्यांनीं एकदां झटका बसत असेल, तर साखळीचा एखादा दुवा आखडला आहे. चाकाच्या फेरीगणिक घासत असेल, तर रिम वांकडी झाली आहे किंवा एखादा आरा सैल वा तुटलेला आहे. पायडल आवळतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. तें नेहमींच्या रीतीनें उजवीकडे पिळलें, तर आवळण्याऐवजीं सुटतें.

साखळीच्या दोन खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच असतें. अर्थात् नव्या साखळीचे २४ दुवे बरोबर १२ इंच भरतात. तेच सव्वाबारा इंचांच्या निम्म्या वाटेवर, म्हणजे १२⅛ इंच भरूं लागले, कीं साखळी झिजली असें समजावें. ती तशीच चालविली, तर चक्राचे दांतेही खाते, आणि मग नवी साखळी त्यांवर घसरते. तेल दुव्यांच्या आंत जावें, बाहेर राहूं नये. बाहेरच्या तेलास काळी धूळ चिकटून त्याचें सहाणेवरील गंधासारखें पीठ बनतें व तें पोलादही झिजवितें. म्हणून साखळी रॉकेलनें धुऊन वाळवावी, थेंब थेंब तेल द्यावें, आणि फडक्यानें पुसून काढावी.

चाकाचे छर्रे ठीक आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं चाक उचलून रिम आडवी हलवावी. आसाशीं खेळ जाणवला, तर कोन सैल आहे. आवळल्यावर चाक हळूच फिरवून सोडावें. तें आपल्या भारानें झोके घेत व्हॉल्व्ह खालीं येऊन थांबलें, तर कोन नेमका बसला. मध्येंच अडून थांबलें, तर फार आवळला गेला.

जॉन डनलॉप या पशुवैद्यानें बेलफास्ट येथें १८८८ सालीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. सायकल सुखाची झाली, पण हवेची चिंता तेव्हांपासूनच मागें लागली. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. दुपारीं ३० अंश उष्णतेंत ४५ पौंड हवा भरली आणि पहांटे उष्णता ६ अंशांवर आली, तर छिद्र नसतांही दाब सुमारें ५ पौंड उतरतो. म्हणून पहांटे टायर मऊ लागला कीं पंक्चरच झालें असें मानूं नये. आधीं व्हॉल्व्हच्या तोंडावर ओलें बोट ठेवावें. बुडबुडा आला, तर आंतील रबरी नळी बदलली कीं काम भागतें. खरेंच पंक्चर असेल, तर छिद्राची जागा पाहावी. बाहेरच्या अंगास एक छिद्र, म्हणजे बाभळीचा कांटा. तो टायरांतून काढल्यावांचून ठिगळ लावणें व्यर्थ. शेजारीं शेजारीं दोन छिद्रें, म्हणजे हवा कमी असतां खड्ड्यांत ट्यूब चेंगरली. रिमच्या अंगास छिद्र, म्हणजे आऱ्याचें टोंक टोंचलें.

ब्रेकच्या गट्ट्याची पेटी, चाक ज्या दिशेनें फिरतें त्या टोंकास बंद असावी. उलटी बसविली, तर ऐन वेळीं रबर निसटून जातें. रिमला तेल कधींही लागूं देऊं नये. पावसांत पोलादी रिम ओली झाली, कीं थांबण्यास पुष्कळ अधिक अंतर लागतें. यासाठीं उतारापूर्वींच ब्रेक हलका दाबून पाणी पुसून घ्यावें.

हें सर्व आठवड्यांतून पाव तासांत होण्यासारखें आहे. वांकलेला फोर्क व तडकलेली फ्रेम मात्र मिस्त्रीच्याच हातीं द्यावी. मुलानें वा मुलीनें घरांतून निघण्यापूर्वीं दोन्ही ब्रेक दाबून पाहण्याची संवय लावून घेतली, तर आईबापांची निम्मी काळजी तेथेंच दूर होईल.