स्मृतिभ्रंश आणि कौटुंबिक शुश्रूषा : एक विवेचन

प्रस्तावना :
वाढत्या आयुर्मानाबरोबर स्मृतिभ्रंश हा भारतीय कुटुंबासमोरील एक गंभीर प्रश्न बनला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात भारतातील साठ व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजेच जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना हा विकार असावा, असा अंदाज मांडण्यात आला. यांपैकी बहुसंख्य रुग्णांची शुश्रूषा घरीच होते. तथापि ‘म्हातारचळ’ किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून आपला समाज या विकाराकडे दुर्लक्ष करीत आला आहे. प्रस्तुत लेखात या विकाराचे स्वरूप, शुश्रूषेची तत्त्वे आणि शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची स्थिती यांचा विचार केला आहे.

विकाराचे स्वरूप :
स्मृतिभ्रंश हा एकच रोग नसून तो एक लक्षणसमूह होय. अल्झायमर रोग हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या रोगाचे पहिले वर्णन सादर केले व १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी त्यास अल्झायमर यांचे नाव दिले. भाजीत मीठ घालण्याचे विसरणे हे वार्धक्यात स्वाभाविक आहे. परंतु आयुष्यभर केलेल्या पुरणपोळीचा क्रमच न आठवणे हे विकाराचे लक्षण असू शकते. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार व नैराश्य यांतही अशीच लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपचार होऊ शकतात. म्हणून वैद्यकीय तपासणी प्रथम आवश्यक ठरते. अल्झायमर रोग मात्र पूर्ण बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे शुश्रूषेचे महत्त्व अधिक वाढते.

शुश्रूषेची तत्त्वे :
या विकारात अलीकडच्या स्मृती आधी जातात व जुन्या स्मृती दीर्घकाळ टिकतात. एखादे निवृत्त शिक्षक पहाटे ‘तासाची वेळ झाली’ म्हणून पिशवी भरू लागतात, ते यामुळेच. अशा वेळी निवृत्तीची आठवण वारंवार करून दिल्यास त्यांना ती पटत नाही. उलट अपमान मात्र जाणवतो. ‘आज कोणता धडा घ्यायचा आहे?’ असे विचारून त्यांना बोलते केल्यास मन शांत होते. चूक सुधारण्यापेक्षा तिच्यामागील भावना ओळखणे हे शुश्रूषेचे पहिले तत्त्व होय. ब्रिटिश अभ्यासक टॉम किटवूड यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात रुग्णाच्या ‘व्यक्तित्वा’चा हाच आग्रह धरला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटातही अल्झायमरग्रस्त संस्कृत पंडिताच्या निमित्ताने हा प्रश्न मांडला आहे.

व्यवहारात पुढील बाबी उपयुक्त ठरतात :
१. जेवण, स्नान व झोप यांच्या वेळा निश्चित ठेवाव्यात.
२. एका वेळी एकच सूचना, छोट्या वाक्यात द्यावी.
३. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा, गॅस बंद ठेवावा व खिशात नाव-दूरध्वनीची चिठ्ठी असावी.
४. वर्तन अचानक बिघडल्यास वेदना, बद्धकोष्ठता किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग यांची तपासणी करावी. कारण रुग्णास ते सांगता येत नाही.

शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची स्थिती :
आपल्याकडे ही जबाबदारी प्रामुख्याने पत्नी, सून वा मुलीवर येते. जेवण झाल्याचे विसरलेली वृद्धा शेजाऱ्यांना ‘सून जेवायला देत नाही’ असे सांगते; वस्तू सापडली नाही की चोरीचा आळ घेते. हा दोष स्वभावाचा नसून विकाराचा असतो. तासाभरासाठी आलेले नातेवाईक मात्र ‘आम्हाला तर त्या ठीक दिसतात’ असे म्हणून निघून जातात. दिवसरात्र राबणाऱ्या व्यक्तीवर अशा रीतीने श्रमांबरोबर संशयाचेही ओझे पडते. म्हणून निदानाची माहिती सर्व भावंडांना व शेजाऱ्यांना स्पष्टपणे देणे आवश्यक आहे. पैसा पाठविणे ही मदत खरी, परंतु काही दिवस प्रत्यक्ष जागा घेणे ही अधिक मोठी मदत होय. १९९२ मध्ये स्थापन झालेली ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था अशा कुटुंबांसाठी कार्य करते.

कायदेशीर बाजू :
मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये व्यक्तीस भावी उपचारांविषयी पूर्वनिर्देश देता येतात व आपला प्रतिनिधी नेमता येतो. मृत्युपत्रासाठी मनाची सुस्थिती आवश्यक असते, तर सामान्य मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता संपल्यावर ते टिकत नाही. म्हणून असे निर्णय निदानानंतर, रुग्णाची क्षमता शाबूत असतानाच व त्याच्या इच्छेनुसार घ्यावेत.

समारोप :
स्मृती गेली तरी प्रेम, भीती व अपमान यांची जाणीव रुग्णात दीर्घकाळ राहते. त्या जाणिवेचा मान राखणे हे शुश्रूषेचे सार होय. परंतु हा मान राखणारी व्यक्ती स्वतःच एकाकी व थकलेली असेल, तर हे कार्य फार काळ चालू शकत नाही. म्हणून शुश्रूषा हे घरातील एका स्त्रीचे कर्तव्य न मानता ती संपूर्ण कुटुंबाची व समाजाची वाटून घेतलेली जबाबदारी मानली पाहिजे.