पाडण्यासाठी उभा केलेला टॉवर

पहाटे ५.३० : नागपूरबाहेरचा चाचणी-तळ. मे महिन्यात वारा पडलेला असतो तो याच वेळी, आणि आम्हाला वारा नकोच असतो. टॉवरवर येणारा सगळा भार आमच्या दोरांतूनच आला पाहिजे. फोरमनकाका बोल्ट तपासून आलेत. "हवा शांत आहे जी मॅडम. लावू का?"

६.१५ : विंच फिरतात. वादळाचा रेटा आणि विजेच्या तारांची ओढ, दोन्हींचं काम हे पोलादी दोर करतात. आधी ५० टक्के भार, मग ७५, ९०, ९५. दर पायरीला थिओडोलाइटमधून शेंडा किती झुकला ते टिपायचं. १०० टक्क्यांवर पाच मिनिटं थांबायचं. त्या वेळी सगळे वर बघतात. मी खालच्या पायांकडे बघते.

९.४० : भाराच्या सगळ्या स्थिती पार पडल्या, एका बाजूची तार तुटून टॉवर पिळला जाण्याचीसुद्धा. आता शंभराच्या पुढे, टॉवर पडेपर्यंत. एक पाय दोन सांध्यांच्या मध्ये बाहेर फुगतो आणि पुढचं सगळं क्षणात होतं.

१०.३० : दोर सैल केल्यावरच आत जायचं. पोलाद तुटलेलं नाही, वाकलंय. उंच टॉवरचा खरा शत्रू हाच. दाबाखालच्या सडपातळ अँगलची लांबी दुप्पट केली की त्याची ताकद चौथाईवर येते. म्हणून पायाला मध्येमध्ये धरणारे बारीक अँगल लागतात. हिशेबात त्यांच्यावर भार जवळजवळ शून्य, तरी आयएस ८०२ हे भारतीय मानक सांगतं की पायावरच्या भाराच्या २.५ टक्के भार त्यांना पेलला पाहिजे. आणि गावाशेजारच्या लाइनींवरून चोरीला जातात ते हेच! टॉवर उभा दिसतो, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पुढच्या वादळात तो जातो. याचा मला मनापासून राग येतो.

१.०० : डबा.

२.०० : टेबलावर नदी ओलांडणाऱ्या टॉवरचा आराखडा. तारेला झोळ पडतो आणि खालून जहाजं जायची असतात, त्यामुळे उंचीला पर्याय नसतो. वाऱ्याचा मूळ वेग नागपूरला सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११८ किलोचा दाब. पण हा वेग जमिनीपासून १० मीटरवरचा. वर तो वाढतच जातो. टॉवर उलटू नये म्हणून पाय फाकवायचे, तर तिरपे अँगल लांबतात. त्यांना धरायला आणखी अँगल घालायचे, तर तेच नवा वारा अडवतात. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. चीनमध्ये झोउशानच्या बेटांमधल्या ३८० मीटरच्या टॉवरना गोल नळ्यांचे पाय आहेत, कारण गोल अंगावरून वारा सहज निसटतो. तिथे दोन टॉवरमधलं अंतर २,६५६ मीटर आहे. इतका उंच टॉवर आमच्यासारख्या तळावर उभा करून पाडता येत नाही; हिशेब आणि वाऱ्याच्या बोगद्यातलं छोटं प्रारूप, एवढाच आधार.

५.०० : नळ्यांचं वेगळंच दुखणं. वादळात नाही, मंद एकसारख्या वाऱ्यात त्या थरथरू लागतात आणि टोकाचे सांधे वर्षानुवर्षं थकत जातात. मी आराखड्यातल्या दोन नळ्यांची जाडी बदलते.

६.३० : काकांना फोन. सकाळी वाकलेल्या पायाचा तुकडा उद्या कापून प्रयोगशाळेत ओढून बघायचाय. पोलाद कागदावर लिहिलंय त्याहून सरस निघालं, तर आजच्या यशातून तेवढा भाग वजा करावा लागेल.