पांडाज कुठं राहतो?

पहाटे ५.३०

घरात कुणी हाक मारणार नाही अशी ही एकच वेळ. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर मी हिशेब लिहितो. रोजच्या पट्ट्यांची वेगळी एक्सेल फाइल असते आणि वर्षाअखेर शेतकरीवार बेरीज काढायची म्हणजे दोन-तीन रविवार गेलेच. म्हणून पन्नाशी उलटल्यावर पायथन शिकायला घेतलंय. काल रात्री तक्त्यांची कामं करणारं पांडाज हे तयार पॅकेज उतरवायला काळ्या खिडकीत 'पिप इन्स्टॉल पांडाज' टाइप केलं, 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' उमटलं, खुशीत झोपलो. आज एडिटरमध्ये पहिलीच ओळ लिहिली, 'इम्पोर्ट पांडाज', आणि खाली लाल अक्षरं आली: 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर: नो मॉड्यूल नेम्ड पांडाज'.

६.१५

परत इन्स्टॉल करून बघितलं. उत्तर आलं, 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड'. गोदामवाला म्हणतो माल पोचलाय, हमाल म्हणतो थप्पी रिकामी. स्पेलिंग तपासलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. तेवढ्यात दूध उतू गेलं.

१० ते १.३०

सौदे, वजनं, पट्ट्या, बँक. डोक्यात पांडाज.

२.००

डबा उघडून पुण्यातल्या भाचीला फोन लावला. ती प्रोग्रामिंगच्याच धंद्यात आहे.

"मामा, तुमच्याकडं पायथन किती आहेत?"

"एकच की गं."

"'व्हेअर पायथन' टाइप करा बरं."

दोन ओळी आल्या! एक ३.११, लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदारानं टाकून दिलेला. दुसरा ३.१३, मी हौसेनं उतरवून घेतलेला. पिपनं माल एकाच्या घरी टाकला होता आणि एडिटर दुसऱ्याचं दार वाजवत होता. हिशेबनीसाला हे सांगायला नको. मालकांच्या दोन फर्म आहेत. व्हाउचर एकीत पडतं आणि आपण दुसरीच्या खतावणीत शोधत बसतो.

भाचीनं मग 'सिस डॉट पाथ' छापायला लावलं. ही जागांची यादी. इम्पोर्ट म्हटलं की पायथन या क्रमानं हिंडतो: आधी आपली फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो, मग त्याचं स्वतःचं भांडार, मग 'साइट-पॅकेजेस', म्हणजे पिप जिथं माल उतरवतो ती जागा. पहिल्यांदा जिथं ते नाव दिसेल तिथंच थांबतो, पुढं बघत नाही. कुठंच नाही दिसलं तर लाल अक्षरं. या तक्रारीला स्वतःचं नाव २०१६ मध्ये, ३.६ आवृत्तीत मिळालं. आधी सगळं 'इम्पोर्टएरर'मध्येच ढकललेलं असायचं. मला विचाराल तर 'नाही' एवढंच सांगण्यापेक्षा कुठं कुठं बघितलं तेही तिथंच छापायला हवं होतं.

संध्याकाळी ७.१५

एडिटरच्या खालच्या पट्टीत उजवीकडं आवृत्तीचा आकडा दिसतो. तो इतके दिवस मला शोभेचा वाटला होता. त्यावर टिचकी मारून ३.१३ निवडला आणि तिथल्याच टर्मिनलमध्ये भाचीनं सांगितल्याप्रमाणं 'पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज' लिहिलं. अशानं, जो पायथन हुकूम घेतो त्याच्याच घरी माल पडतो.

रन केलं. पडद्यावर आलं: 'नमस्कार सांगली'.

हे मी लिहिलंच नव्हतं! म्हणजे लिहिलं होतं, गेल्या आठवड्यात, दुसऱ्या फाइलमध्ये. त्याखाली नवी तक्रार, 'सीएसव्ही'मध्ये अमुक एक गोष्ट नाही अशी. सरावाच्या त्या फाइलला मी 'सीएसव्ही डॉट पीवाय' असं नाव दिलं होतं. पांडाजला आत भांडारातलं सीएसव्ही लागतं. पण यादीत माझा फोल्डर आधी, त्यामुळं त्यानं माझंच पोरखेळाचं सीएसव्ही उचललं आणि उचलता उचलता चालवलंही. फाइलचं नाव 'सराव१' केलं, तक्रार गेली.

९.२०

जेवून परत बसलो. पांडाज आला, पण एक्सेलची फाइल उघडेना: 'मिसिंग ऑप्शनल डिपेंडन्सी ओपनपायएक्सएल'. ऑप्शनल म्हणे! एक्सेलच वाचायला बसलेल्या माणसाला हे असं सांगणं म्हणजे वरातीत नवरदेव ऐच्छिक. तेही उतरवून घेतलं. पट्ट्यांचे फोटो वाचायचाही विचार आहे, त्यासाठी भाचीनं आधीच बजावलंय: इम्पोर्ट करताना 'पीआयएल', पण पिपला सांगायचं 'पिलो'. 'सीव्ही२' हवं असेल तर मागायचं 'ओपनसीव्ही-पायथन'. घरी बंड्या, शाळेच्या दाखल्यावर पांडुरंग. अंदाजानं नाव ठोकून इन्स्टॉल करायचं नाही, मिळत्याजुळत्या नावाखाली कुणी भलतंच काही चढवून ठेवलेलं असू शकतं.

१०.१०

पहिल्या पाच ओळी आल्या. तारीख, नाव, पोती, वजन, भाव. बायकोला दाखवल्या. ती वाकून बघत म्हणाली, "अहो, हा सावळजचा माणूस इथं दोनदा कसा?"

एकदा 'पाटिल', एकदा 'पाटील'. मीच भरलंय.