लेखांक ७ : फ्रान्समधील जुनी भरतकामाची टेबलवस्त्रे

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये मुलीच्या लग्नाची कापडे तिच्या लहानपणापासून जमवली जात. चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, नॅपकिन, सारे डझनांच्या हिशेबाने. खेड्यांत मोठे धुणे वर्षातून मोजक्याच वेळा, लाकडाच्या राखेचे गरम पाणी वापरून निघे. मधल्या महिन्यांना पुरेल एवढा साठा कपाटात असावाच लागे. धुण्यात कापडांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांवर लाल सुताने, फुलीच्या टाक्यात, मालकिणीची आद्याक्षरे आणि पुष्कळदा क्रमांकही घालत. हा लाल रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून केलेला असे आणि उकळत्या पाण्यातही उतरत नसे. मुली हीच अक्षरे शाळेत नमुन्याच्या कापडावर गिरवून शिकत. आपल्याकडच्या रुखवतात मांडलेला मॅटीचा टेबलक्लॉथ पाहुण्यांनी पाहावा म्हणून असतो. फ्रान्समधल्या अक्षरांचा उगम मात्र धुण्याच्या हिशेबात आहे.

कापड बहुधा लिननचे, म्हणजे जवसाच्या देठातल्या धाग्याचे. आपण जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतो. नॉर्मंडी व फ्लँडर्समध्ये त्याच पिकाचे उंच वाण धाग्यासाठी घेतात. लिनन आणि सूत मिसळून विणलेले कापडही घरोघरी असे.

सुखवस्तू घरांतल्या मेजवानीच्या कापडावर पांढऱ्यावर पांढरे भरतकाम केलेले असे. आधी कागदावर आद्याक्षरांची नक्षी टोचून, त्या भोकांतून निळी पूड चोळून ती कापडावर उतरवत. मग अक्षराच्या आत धावदोऱ्याचे टाके घालून उंचवटा करत आणि त्यावर आडवे टाके एकमेकांना चिकटून भरत. टाके इतके सारखे की बोट फिरवले तर अक्षर कोरल्यासारखे लागते. एका मोठ्या मोनोग्रामला, म्हणजे गुंफलेल्या आद्याक्षरांना, कित्येक तास जात.

ही अक्षरे मालकिणीची, भरणारीची नव्हेत, हे विसरता कामा नये. काही कापडे नवरी स्वतः भरे, काही मठांतल्या जोगिणींच्या हाताखालच्या मुली भरत. लोरेन आणि व्होज भागात शेतकरी घरांतल्या बायका दलालाने आणून दिलेले काम नगावर करत. अशा बायकांची नावे कापडावर सहसा सापडत नाहीत. या कलेत नाव राहिले ते तेरेज द दिल्माँ यांचे. म्युलूझ शहरातल्या डी.एम.सी. या दोरे बनवणाऱ्या, १७४६ साली सुरू झालेल्या कंपनीच्या साथीने त्यांनी १८८६ साली स्त्रियांच्या हस्तकामाचा कोश काढला. तो अनेक भाषांत गेला, आणि मठाबाहेरच्या, दलालाशी संबंध नसलेल्या बायकांनाही टाके शिकता आले.

त्याच म्युलूझमध्ये १८२८ च्या सुमारास जोस्युए हाइलमान यांनी भरतकामाचे यंत्र तयार केले होते. पुढे स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलनने त्यावर मोठा उद्योग उभा केला आणि हातकामाचे दर पडले. पहिल्या महायुद्धानंतर लग्नाच्या कापडांचे डझनही घटले.

आज जुन्या बाजारात असे कापड घेताना ते उलटे करून पाहावे. यंत्राच्या कामात मागच्या बाजूला पुष्कळदा धागे ओढलेले दिसतात आणि प्रत्येक आकृती हुबेहूब दुसरीसारखी असते. हाताच्या कामात दोऱ्याची टोके टाक्यांखाली दडवलेली असतात, आणि सारख्याच दोन अक्षरांच्या वळणात केसभर फरक राहतो.