व्हिटॅमिन डीची ६०,०००ची पुडी: किती, किती दिवस आणि कधी थांबायचं?

ज्यांची घाटात रेंज गेली आणि भाग अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलल्यासारखाच ठेवलाय, फक्त आकडे नीट मांडलेत, कारण आजचा सगळा विषयच आकड्यांचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. तुमचा डोस मी ठरवणार नाही. पण डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी, लॅबचा रिपोर्ट आणि मेडिकलमधून मिळालेली पुडी या तिन्हींवरचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे तुम्हाला बघता आलं पाहिजे. तेवढंच आज शिकायचंय.

सुरगाण्यात ऊन कमी आहे का?

नाही ना! मग डी कमी कसं, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आपल्या कातडीत व्हिटॅमिन डी तयार होतं ते उन्हातल्या अतिनील-बी किरणांमुळे. हे किरण सूर्य वर असताना, म्हणजे साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात जास्त मिळतात. सोपी खूण सांगतो: तुमची सावली तुमच्यापेक्षा लहान असेल, तर ते ऊन कामाचं.

आता बघा, जो माणूस भात लावायला, नागली कापायला किंवा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत कामाला जातो, त्याच्या अंगावर हे ऊन पडतं. पण त्याच घरातली पोरगी नाशिकला होस्टेलवर राहून दिवसभर क्लासमध्ये बसते, किंवा पोरगा पुण्यात माझ्यासारखा एसीमध्ये कोड लिहितो. खिडकीतून ऊन येतं, पण काच अतिनील-बी अडवते. बाहेर पडलो तरी स्कार्फ, जॅकेट, फुल बाह्या. वर आपला पावसाळा, ढग हटत नाहीत. सावळ्या कातडीला तेवढंच डी बनवायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळही लागतो. म्हणून ऊन भरपूर असलेल्या गावातल्या माणसालाही कमतरता होऊ शकते.

जेवणातून डी फार कमी मिळतं. एका अंड्याच्या बलकात साधारण ४० युनिट. मासे खात असाल तर थोडं जास्त. तेलाच्या किंवा दुधाच्या पिशवीवर ‘+एफ’ चं चिन्ह दिसलं, तर त्यात डी घातलेलं असतं. नागलीत कॅल्शियम मस्त आहे, १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमच्या वर. पण ते कॅल्शियम आतड्यातून अंगात शोषलं जायला डी लागतं. दोघांची जोडी आहे.

रिपोर्ट कसा वाचायचा?

टेस्टचं नाव बघा: २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. कमतरता बघायला हीच लागते. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ ही वेगळी टेस्ट आहे, ती साध्या कमतरतेसाठी नसते.

मग एकक बघा. आपल्याकडे बहुतेक रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असतात. काही ठिकाणी नॅनोमोल प्रति लिटर असतं. नॅनोमोलच्या आकड्याला २.५ ने भागलं की नॅनोग्रॅम मिळतात. म्हणजे ५० नॅनोमोल आणि २० नॅनोग्रॅम एकच. एकक न बघता मित्राच्या रिपोर्टशी तुलना केली की उगाच घाबरायला होतं.

आता २० की ३०? लॅबच्या रिपोर्टवर बऱ्याचदा ३० च्या खाली ‘अपुरं’ असं छापलेलं असतं. पण अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ साली सांगितलं की जवळपास सगळ्या माणसांच्या हाडांसाठी २० पुरतं. ३० चा आग्रह धरणाऱ्या एंडोक्राइन सोसायटीनेही २०२४ च्या नव्या मार्गदर्शनात तो सोडला आणि धडधाकट माणसांची उगाच टेस्ट करू नका असं म्हटलं. म्हणून रिपोर्टवर २६ दिसलं आणि बाकी काही त्रास नसेल, तर पळत मेडिकलला जायची गरज नाही. ८ किंवा १० आला, तर मात्र डॉक्टरांकडे जाच.

आता मेन आकडा: ६०,०००

डोस म्हणजे एक आकडा नसतो, तीन असतात: एका वेळी किती, किती दिवसांनी आणि एकूण किती वेळा. आमच्या भाषेत, एखादं काम दर आठवड्याला चालवायचंय आणि तुम्ही चुकून दररोजवर सेट केलं, तर काम तेच, पण सर्व्हर झोपतो. इथे सर्व्हर म्हणजे तुमची किडनी.

हिशोब करून बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट आहे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घ्यायची वरची मर्यादा ४,००० युनिट.

कमतरता असेल तर डॉक्टर बऱ्याचदा ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे असा कोर्स देतात. याचा रोजचा हिशोब साधारण ८,५७० युनिट. वरच्या मर्यादेच्या दुप्पट, पण तो उपचार आहे, ठरावीक मुदतीचा, म्हणून चालतो. आठ आठवड्यांत एकूण ४ लाख ८० हजार.

तीच पुडी कोणी रोज घेतली तर? एका आठवड्यात ४ लाख २० हजार. म्हणजे दोन महिन्यांचा जवळपास पूर्ण कोर्स सात दिवसांत संपला. आणि पुढचे सात आठवडे तो माणूस ‘कोर्स चालू आहे’ म्हणून घेतच राहतो.

जास्त झालेलं लघवीतून निघून जाईल, असं वाटतं ना? ते बी आणि सी व्हिटॅमिनचं. डी चरबीत विरघळतं आणि अंगात साठतं. रक्तातली पातळी अर्ध्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात. आठवड्यातून एक पुडी पुरते ती याचमुळे, आणि जास्त झालं तर लवकर उतरत नाही तेही याचमुळे.

ही नुसती थिअरी नाही. काश्मीरमध्ये डीची कमतरता खूप आहे, आणि तिथल्या डॉक्टरांनी २०११ साली अशा रुग्णांची नोंद छापली, ज्यांना कमतरतेच्या नावाखाली इंजेक्शनं आणि पुड्या मिळून लाखो युनिट गेले आणि त्यातून विषबाधा झाली. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांवरच्या २,२५६ बायकांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले. २०१० साली निकाल आला: त्या गटात पडणं आणि हाड मोडणं उलट वाढलं होतं.

मेडिकलच्या काउंटरवर काय बघाल?

पहिलं, नाव. पाकिटावर ‘कोलेकॅल्सिफेरॉल’ किंवा ‘डी-३’ असेल तर तेच हे. ‘कॅल्सिट्रिऑल’ असेल तर थांबा. ते डीचं तयार, सक्रिय रूप आहे. त्याचा डोस पाव मायक्रोग्रॅमसारखा चिमूटभर असतो. एक नाही म्हणून दुसरं घ्यायचं नाही.

दुसरं, एकक. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. डब्यावर १५ मायक्रोग्रॅम म्हणजे ६०० युनिट, २५ म्हणजे १,०००.

तिसरं, बेरीज. कॅल्शियमच्या गोळीत डी असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं, प्रोटीन पावडरमध्येही असू शकतं. सगळं मिळून किती होतं ते फोनच्या कॅल्क्युलेटरवर करा.

चौथं, वार. पुडीवर पेनाने वार लिहून घ्या. आपल्याकडे सोपं आहे: आठवडे बाजाराचा दिवस हाच पुडीचा दिवस. आज्जीलाही लक्षात राहतो. पुडी दुधात किंवा जेवणानंतर घ्या, सोबत थोडं तेल-तूप असलं की नीट शोषली जाते. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका.

यांनी स्वतःहून अजिबात घेऊ नये

मुतखडा झालेला, किडनीचा आजार असलेला, रक्तात कॅल्शियम जास्त असलेला माणूस. टीबी असलेला किंवा त्याचे उपचार चालू असलेला, कारण या आजारात शरीर स्वतःच जास्त सक्रिय डी बनवू शकतं आणि कॅल्शियम चढतं. बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायाझाईड किंवा क्लोरथॅलिडोन घेणारे, हृदयासाठी डिगॉक्सिन घेणारे. गरोदर बाईनेही आधी डॉक्टरांना विचारायचं.

आणि तान्ही बाळं. त्यांना साधारण रोज ४०० युनिटचे थेंब देतात. बाजारात १ मिलिलिटरला ४०० आणि ८०० अशा दोन्ही बाटल्या असतात, त्यामुळे मोठ्या बाळाच्या वेळची जुनी पिपेट नव्या बाटलीत वापरू नका. मोठ्यांची पुडी बाळाला परस्पर द्यायचीच नाही.

कधी थांबायचं?

आठ आठवडे झाले की पुड्या बंद. पुढे काय, हे डॉक्टर सांगतील: कधी महिन्यातून एक पुडी, म्हणजे रोजचे २,००० च्या आसपास, कधी रोजची छोटी गोळी, कधी फक्त ऊन. परत टेस्ट करायची असेल तर साधारण तीन महिन्यांनी, कारण पातळी स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो.

मधेच भूक मेली, मळमळ-उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागायला लागला, तर पुडी लगेच बंद आणि थेट दवाखाना. सगळी रिकामी पाकिटं सोबत न्या. डॉक्टरांना नाव आणि आकडा लगेच कळतो.

शेवटचा मुद्दा, थकव्याचा

‘अंग दुखतं, दम लागतो, म्हणजे डी कमी’ असं सरळ धरू नका. डी खूप कमी झालं की हाडं दुखतात, उकिडवं बसून उठताना मांड्यांत ताकद राहत नाही, लहान मुलांचे पाय वाकतात, ज्याला आपण मुडदूस म्हणतो. पण नुसता थकवा रक्त कमी असल्यानेही येतो, आणि आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी हिमोग्लोबिन बघा, सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. नाहीतर डीच्या पुड्या घेत दोन महिने जातील आणि खरा आजार तसाच राहील.

तर घरात कोणाची पुडी चालू असेल तर आजच पाकीट हातात घ्या आणि तीन प्रश्न विचारा: किती, किती दिवसांनी, किती वेळा. तिसऱ्याचं उत्तर घरात कोणालाच माहीत नसेल, तर पुढची पुडी फोडायच्या आधी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना एक फोन करा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!