धार गेली, पोलाद उरले!



तुमच्या घरी माळ्यावर, जिन्याखाली किंवा कपाटाच्या तळाशी एखादा गंजका पत्र्याचा डबा नक्की असेल. तो एकदा उघडून पाहा. दात गेलेली कानस, हॅक्सॉचे तुटके ब्लेड, टोक गोल झालेला स्क्रू-ड्रायव्हर, जबडा फाकलेला पाना अशा वस्तू त्यात दिसतील. शिवाय आठवडी बाजारातून हौसेने आणलेल्या स्वस्त संचातली, पहिल्याच महिन्यात वाकलेली दोन-चार हत्यारेही असतील. दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी म्हणते, "हे भंगारात देऊन टाका." लगेच दुसरे कोणी म्हणते, "असू दे, कधीतरी उपयोगी पडेल." आणि डबा परत जागेवर जातो.

या दोघांपैकी बरोबर कोण? गंमत अशी की, दोघेही बरोबर असू शकतात. कोणत्या हत्याराच्या बाबतीत कोण बरोबर, हे मात्र पारखून ठरवावे लागते. ही पारख कशी करायची, तेच आज आपण पाहू.

निकामी होण्याच्या दोन तऱ्हा

हत्यार निकामी होते म्हणजे नेमके काय होते? चांगल्या कानशीचे दात झिजतात. म्हणजे तिचा आकार जातो, पण ज्या पोलादाची ती बनलेली असते ते पोलाद जसेच्या तसे असते. याउलट, स्वस्तातला स्क्रू-ड्रायव्हर दिसायला चकचकीत आणि आकाराने नेटका असतो. परंतु जरा जोर लावताच त्याचे टोक पिळवटते. त्याचा आकार ठीक, पण धातू कच्चा!

म्हणून डब्यातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन आपण एकच प्रश्न विचारायचा : हिचा आकार गेला आहे, की हिचा धातूच मुळात हलका आहे? आकार गेला असेल तर तिला नवा आकार देता येतो. धातू हलका असेल तर तिला जोर न लागणारे काम द्यावे लागते. हे दोन उपाय एकमेकांच्या जागी वापरले तर काय होते, ते मी स्वतः अनुभवले आहे.

मी मोडलेली कानस

१९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा नववीत होतो. घरी एक लाकडी खोका आला होता आणि त्याचे झाकण खिळ्यांनी ठोकलेले होते. पहार सापडेना, म्हणून मी डब्यातली जुनी, झिजलेली कानस फटीत घातली आणि अंगचा सगळा जोर लावला. कानस जरासुद्धा वाकली नाही. काडकन आवाज झाला आणि तिचे दोन तुकडे झाले. एक बारीक कपची उडून माझ्या चष्म्यावर आदळली. काचेला तडा गेला, पण डोळा वाचला. चष्मा नसता तर हा लेख मी कदाचित एकाच डोळ्याने लिहीत असतो!

वडिलांनी मला ते दोन्ही तुकडे घेऊन बाजारातल्या लोहारकाकांकडे पाठवले. मला वाटले होते, काका हसतील. पण त्यांनी तुकडा हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "पोरा, हा माल सोन्यासारखा आहे. तू त्याच्याकडून भलतंच काम करून घेत होतास."

त्यांनी एक तुकडा भट्टीत लालभडक केला, ठोकून त्याची पटाशी घडवली आणि पुन्हा लाल करून तिची धार पाण्यात बुडवली. चर्रर्र आवाज झाला. मग पटाशी बाहेर काढून धारेजवळचा काळा थर त्यांनी दगडाने भराभर घासला. आतला चकचकीत धातू उघडा पडला आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यावर रंग धावू लागले. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. तपकिरी रंग धारेपाशी पोहोचताच काकांनी पटाशी पुन्हा पाण्यात घातली. "झालं!" ते म्हणाले. ती पटाशी आजही माझ्या टेबलावर आहे.

'पाणी देणे' म्हणजे काय?

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. हा 'थोडासा'च फार महत्त्वाचा आहे. चांगल्या कानशीच्या पोलादात कार्बनचे प्रमाण सुमारे १ ते १.३ टक्के असते. खिडकीच्या गजांसाठी वापरतात त्या मऊ पोलादात ते जेमतेम ०.२ टक्क्यांच्या आसपास असते.

साध्या तापमानाला लोखंडाच्या अणूंची जी रचना असते, तिच्यात कार्बनच्या अणूंना शिरायला फारशी जागा नसते. पोलाद सुमारे ७२७ अंश सेल्सियसच्या वर तापवले की लोखंडाचे अणू वेगळ्या प्रकारे रचले जातात. या नव्या रचनेत कार्बन सहज सामावतो. आता पोलाद सावकाश थंड होऊ दिले तर कार्बनचे अणू हळूहळू बाहेर पडून आपापल्या जागी जातात आणि पोलाद मऊ राहते. पण एकदम पाण्यात बुडवले तर?

अशी कल्पना करा की, एस.टी. गच्च भरली आहे. स्थानकावर पुरेसा वेळ थांबली, तर प्रवासी शिस्तीत उतरतात. पण दार उघडताच लगेच बंद झाले, तर सारे आतच अडकून पडतात आणि कोणालाही हलता येत नाही. पाण्यात बुडवलेल्या पोलादात कार्बनचे अगदी असेच होते. तो आतच कोंडला जातो. त्यामुळे अणूंचे थर एकमेकांवरून घसरू शकत नाहीत आणि पोलाद अतिशय कठीण होते. या रचनेला जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून 'मार्टेन्साइट' असे म्हणतात.

पण या कठीणपणाची किंमत द्यावी लागते. जे घसरू शकत नाही, ते वाकूही शकत नाही, ते मोडते. माझी कानस मोडली ती म्हणूनच. आणि मऊ पोलादात मुळात कार्बनच कमी असल्यामुळे त्याला कितीही पाणी दिले तरी ते कानशीसारखे पाणीदार होत नाही.

धारेवरचे रंग

मग ते रंग कुठून आले? काकांनी रंग तर लावला नव्हता! पटाशीच्या मागच्या भागात उरलेली उष्णता धारेकडे येत होती. गरम पोलादावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाच्या आसपास असते. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून काही प्रकाश परततो, तर काही खालच्या पृष्ठभागावरून. हे दोन किरण एकत्र येताना पांढऱ्या प्रकाशातला एखादा रंग पुसला जातो आणि उरलेले रंग आपल्याला दिसतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग असेच तयार होतात.

थर जसा जाड होतो तसा रंग बदलतो. पोलाद जितके तापते तितका थर जाड होतो. म्हणून हे रंग लोहाराचे तापमापकच असतात! साधारणपणे २२५ अंशांना फिकट पिवळा, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा रंग दिसतो. तापमान वाढते तसा कोंडलेला कार्बन थोडा थोडा सुटतो. पोलादाचा कठीणपणा जरासा उतरतो आणि चिवटपणा वाढतो. लाकडासाठीच्या पटाशीला तपकिरी रंग पुरतो. पीळ सोसणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरला निळ्या रंगापर्यंत न्यावे लागते.

पारख कशी कराल?

आता डब्याकडे वळू. दोन परीक्षा तुम्ही घरीच घेऊ शकता.

पहिली, कानशीची परीक्षा. चांगल्या स्थितीतली कानस हत्याराच्या कोपऱ्यावर हलकेच घासा. ती धातूत रुतून कीस काढू लागली, तर धातू मऊ आहे. नुसतीच घसरली, तर धातू कठीण आहे. परंतु चकाकीला फसू नका. काही हत्यारांची फक्त कातडीच कठीण केलेली असते. तेव्हा त्याच जागी आणखी थोडे घासून पाहा.

दुसरी, काचेची परीक्षा. जाड काचेच्या निकामी बाटलीच्या तळावर हत्याराचा टोकदार कोपरा दाबून ओढा. कठीण पोलाद काचेवर ओरखडा काढते. मऊ पोलाद काढत नाही.

कारखान्यात तिसरी परीक्षा घेतात ती ठिणग्यांची. फिरत्या सहाणेवर मऊ पोलाद धरले तर लांब, सरळ ठिणग्या उडतात. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, कारण ठिणगीतला कार्बन जळून वायू होतो आणि ठिणगी फोडून बाहेर पडतो. ही परीक्षा मात्र तुम्ही लांबूनच पाहा.

कोणाला कोणते काम?

कानस : ती झिजली आहे की नुसती दात भरल्यामुळे चालत नाही, हे आधी पाहा. तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेने घासून अडकलेला कीस काढा. पुढच्या वेळी आधी दातांवर खडू फिरवा, म्हणजे कीस चिकटणार नाही. जुने कारागीर नवी कानस आधी पितळेसाठी वापरतात, कारण पितळेला तीक्ष्ण दात लागतात. जरा बोथटली की ती पोलादासाठी ठेवतात. म्हणजे एका कामातून निवृत्त झालेली कानस दुसऱ्या कामावर रुजू होते! शेवटी दात पुरते गेले, तर तिची पटाशी किंवा खरवडणी होऊ शकते. सहाणेवर घासताना मात्र ती वरचेवर पाण्यात बुडवली पाहिजे. धारेवर निळा रंग दिसला तर समजा की धारेचे पाणी उतरले.

हॅक्सॉचे ब्लेड : याचे मधले दात आधी झिजतात, टोकाकडचे बरेचसे शाबूत असतात. तुकड्याला एका बाजूने जाड कापड गुंडाळले, की अडचणीच्या जागी कापायला छोटी करवत मिळते. आमच्या प्रयोगशाळेत तर जुने ब्लेड कधीच वाया जात नाही. ते टेबलाच्या कडेला घट्ट आवळा, मोकळ्या टोकाला ब्लेडपेक्षा बरेच जड वजन पक्के बांधा आणि टोक हलवून सोडा. दहा दोलनांचा वेळ मोजा. बाहेर काढलेली लांबी ७ सेंटिमीटरवरून २८ केली, म्हणजे चौपट केली, तर एका दोलनाचा काळ सुमारे आठपट होतो. झिजलेल्या दातांनी लाकूड कापवत नाही, पण पोलादाची स्थितिस्थापकता कोठे गेली आहे?

स्क्रू-ड्रायव्हर : टोक गोल झाले की तो खाचेतून निसटतो. गोल टोक खाचेच्या भिंतीला तिरके टेकते, त्यामुळे बलाचा एक घटक टोकालाच वर ढकलतो. टोकाच्या दोन्ही बाजू घासून जवळजवळ समांतर करा, की काम भागते. आणि तो मूळचाच कच्चा असेल तर? मग त्याला स्क्रूपासून सुट्टी द्या. रंगाचे डबे उघडणे, सायकलच्या साखळीवरचे चिकट वंगण खरवडणे, कुंडीत बी पेरायला भोके पाडणे, ही कामे तो वर्षानुवर्षे करील.

पाना : मऊ, स्वस्त पान्याचा दोषच येथे गुण ठरतो. तो सहज घासता येतो. सायकलच्या चाकाच्या आसाजवळ जागा इतकी अरुंद असते की जाड पाना शिरत नाही. जबडा शाबूत असलेला जुना पाना दोन्ही बाजूंनी घासून पातळ केला, तर तेथे तो बरोबर बसतो. तेथे फारसा जोर लावायचा नसल्यामुळे तो फाकतही नाही. चांगला, महाग पाना असा घासायला कोणाचा हात धजावेल?

भंगारच बरे!

काही वस्तू मात्र ठेवू नयेत. तडा गेलेला हातोडा, भेग पडलेला पाना आणि प्लॅस्टिकचे आवरण फाटलेली विजेच्या कामाची पक्कड यांचे दुसरे आयुष्य म्हणजे भट्टीत वितळून नवे पोलाद होणे. पक्कडीला चिकटपट्टी गुंडाळून विजेच्या कामासाठी वापरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून फुलासारखे पसरले असेल तर ती कड घासून टाकल्याशिवाय तिच्यावर घाव घालू नका, कपची उडते. मूठ नसलेली कानस कधीच वापरू नका, कारण तिची टोकदार शेपटी तळहातात घुसते. कठीण हत्याराचा पहारीसारखा उपयोग करू नका. का करू नये, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. यांतले कोणतेही काम वडीलधाऱ्यांना विचारून आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच करा.

तर मित्रांनो, येत्या रविवारी तो डबा खाली काढा. प्रत्येक वस्तूची परीक्षा घ्या आणि वहीत तीन रकाने आखा : 'आकार गेला', 'धातू हलका' आणि 'भंगार'. डब्याचे ओझे किती कमी होते आणि कामाची किती हत्यारे हाती लागतात, ते मोजा. आणि एखादी जुनी कानस सापडलीच, तर तिचे पुढे काय करायचे ते ठरवण्यापूर्वी गावातल्या लोहाराला जरूर भेटा. त्याच्या भट्टीपाशी घालवलेला अर्धा तास तुम्हाला पुष्कळ काही शिकवून जाईल.